शिरवण्याच्या खाणीत

डंपर उलटा होतो, आणि काळा भुगा
धप्पकन कातळावर पडतो.
वास नाही. म्हणजे आहे,
पण उन्हात वाळलेल्या शेणाइतकाच.

तिम्मव्वा विचारते, "हे खालच्यांचंच ना?"
मी मान हलवतो. लॅबचे आकडे खिशात आहेत,
जस्त, शिसं, ओलावा.
तिच्या प्रश्नाला त्यात रकाना नाही.

ह्याच कड्याला तिच्या नवऱ्यानं सुरुंग लावले.
खडी खाली गेली, नेरुळला, सीवूड्सला,
चौदा चौदा मजले चढली.
डोंगराच्या पाठीत राहिलं हे भगदाड
आणि सायप्पाच्या छातीत धूळ.

आता त्या मजल्यांवरून रोज सकाळी
पाइपांतून जे उतरतं
ते टाक्यांत कुजतं, निथळतं, वाळतं,
आणि पहिल्या गिअरमध्ये कण्हत
चढ चढून परत येतं.

करंज लावले, शिरीष लावले,
रजिस्टरात दोनशे चाळीस रोपं.
दिवाळीच्या सुमारास ढिगाच्या कडेला
त्यात नसलेलं एक दिसलं:
टोमॅटो.
कुणाच्या तरी कोशिंबिरीतली बी,
पोटातून, गटारातून, टाकीतून
मरायचं विसरून आलेली.

खायचं नाही, असा नियम. मीही सांगतो.
"कोण खातंय," ती म्हणते,
फळ पदराला पुसते,
बराच वेळ नुसतं हातात धरते.
मग अंगठ्यानं फोडून
कड्याशी जाते, जिथं सुरुंगाचं
अर्धं भोक अजून शाबूत आहे.
आधी बोटभर काळा भुगा,
मग बी.