त्याच लेखिकेची इतर पुस्तके

काकतीवेशीतल्या बाबाजान किल्लेदारांच्या बाइंडिंगात
कॅम्पातल्या कॉन्व्हेंटची पुस्तकं यायची
मे महिन्यात, गोणीतून, पाठ मोडलेली.
मी मैद्यात मोरचूद घालून खळ शिजवायची.
खळ वाळेपर्यंत पुस्तक माझं.

म्हणजे फाटकं तेवढंच मला मिळालं.
त्या विलायतेतल्या बाईंची पाच.
इंग्रजी अर्धं कळायचं, उरलेलं मी चित्रांवर ढकलायची:
चहा पिणारं साळिंदर,
विहिरीच्या तळाशी उघडणारं फाटक,
सावली उसनी देऊन परत मागायला विसरलेली पोरगी.
एकात सत्तेचाळीस ते चौसष्ट पानं नव्हतीच.
शेहेचाळिसाव्यावर साळिंदर हसत होतं,
पासष्टाव्यावर रडत होतं.

‘काय वाचायलीस गे मालन? वाळली की खळ!’
चाचा शिकंजा पिळत म्हणायचे.
पाठीला आतून रद्दी लागायची:
कन्नडमधले रेशनचे फॉर्म, मराठीतली मोर्चाची पत्रकं,
हाताला येईल ते.
वर कापड चढलं की कुणाला दिसतंय.

शेवटच्या पानावर यादी. एकोणीस नावं.
चौदा कधी आलीच नाहीत.
एकतर कुणी वाचत नसेल,
नाहीतर फार जपून वाचत असतील.
मी वाईट चिंतायची:
देवा, कुण्या पोरीच्या हातून पडू दे ‘मिठाचा जिना’.
नाही पडला.

मग मीच रचला.
मिठाच्या पायऱ्या, म्हणून चढताना रडायचं नाही,
रडलं की पायरी विरघळते.
वर काय आहे ते ठरेना.
कधी आई, कधी कॉन्व्हेंटची लायब्ररी.

परवा रविवारी, खडेबाजारात, फुटपाथवर
तोच. पाठ ताठ.
पोरगा म्हणाला ऐवत्तु, मी म्हटलं चाळीस,
पंचेचाळीसवर जमलं.
निम्मा तिथंच वाचला, उभ्यानं.
सुट्टीला आलेली तीन मुलं, एक मावशी, होडी, पुष्कळ सँडविच.
जिना शेवटी दीपगृहाचा निघाला. दगडी.
मीठ नुसतं वाऱ्यानं आलेलं.

बाईंवर राग नाही.
त्यांना काय ठाऊक, इकडं कोण चढून बसलंय.

घरी येऊन आरीनं शिवण उसवली.
सहाव्या-सातव्या फर्म्याच्या मध्ये
माझ्या अक्षरातली चार पानं घातली,
मेणदोऱ्यानं टाचलं,
पाठीला आतून हेस्कॉमचं जुनं बिल.

वर पाटा ठेवलाय.
खळ वाळायची आहे अजून.