निशाणी सत्तावीस

वकीलबाई म्हणाल्या, बँडचा इतिहास लिहून आणा.
तारखा आणि तास. भावना नकोत.
कंपनीचं म्हणणं, अंबादास वाघचौरेचे कान
आमच्या प्रेसशॉपने नाही,
त्याच्या ड्रमने नेले.

तर लिहितो. मी त्यांच्या वायरी गुंडाळणारा.

साल एक्क्याण्णव. सिंहस्थ तोंडावर,
रामकुंडाकडचे रस्ते खणलेले,
आणि अंबडला शंभर टनी प्रेस बसवायला
ऑस्ट्रेलियाचा कीथ आला.
मिसळ खाऊन दोन दिवस आडवा पडला,
तिसऱ्या दिवशी पुन्हा त्याच टपरीवर.
जाताना निरंजन कापडणीसला कॅसेट देऊन गेला.
आतल्या कागदावर त्याच्या गावच्या बँडचा फोटो:
पत्र्याची शेड, चार पोरं, एक कुत्रा.
खाली बारीक अक्षरात सात रेकॉर्डची नावं,
चार ड्रमर, एक जळालेली बस.
निरंजन म्हणाला, शेड तर आपलीच दिसते.
कुत्रापण.

एवढ्यावर निघालो. नाव ठेवलं 'पॉवर प्रेस'.

पहिला कार्यक्रम: शरणपूर, चर्चमागचं अंगण, नाताळ.
गायक इम्मानुएल साळवे तिथलाच, म्हणून परवानगी.
तिसऱ्या गाण्याला पाळकसाहेबांनी फ्यूज काढला.
वेळ: अकरा मिनिटं.

दुसरा: सिन्नर, लग्न.
बँड म्हणजे त्यांना वरातीचा बँड वाटला होता.
इम्मानुएलने पहिली आरोळी ठोकली, घोडी उधळली,
नवरदेव थेट बस स्टँडवर सापडला.
मग अंबादासने कुणाचातरी ढोल गळ्यात घेतला
आणि पहाटेपर्यंत वाजवला.
(बाई, ढोलाचे तास यात धरायचे का? मी धरलेले नाहीत.)

बेसवाले तीन. पहिला रऊफ पिंजारी,
हाताला नोटांच्या छापखान्याची शाई.
तो शारजाला गेला. दुसऱ्याचं लग्न झालं.
तिसरा मीच, सहा महिने. त्याबद्दल लिहीत नाही.

पंच्याण्णव: आमची कॅसेट.
कॉलेज रोडला एका रात्रीत रेकॉर्ड केली.
पाचशे काढल्या. चारशे नऊ
अजून निरंजनच्या माळ्यावर, द्राक्षांच्या खोक्यांत.

दोन हजार तीनच्या सिंहस्थात काहीच नाही.
लाऊडस्पीकरची परवानगी साधूंना मिळाली.

दोन हजार आठ, सप्टेंबर. गोदावरी चढली.
सराफ बाजारामागच्या गाळ्यात ॲम्प होता.
पाणी ओसरल्यावर उघडला तर आत गाळ
आणि एक जिवंत खेकडा.
इम्मानुएल म्हणाला, चला, झालं.

एकूण कार्यक्रम एक्केचाळीस.
एकूण तास अडतीस, मिनिटं वीस.

शेजारी वकीलबाईंनी स्वतः लिहिलं:
प्रेसशॉप, बावीस वर्षं, रोज आठ तास,
मिनिटाला तीस ठोके.
गुणाकार त्यांनी लाल शाईत केला.

न्यायाधीशांनी आमचा कागद उलटून पाहिला,
मागे काही आहे का म्हणून.
सतरा वर्षांत एवढंच?
एवढंच, साहेब, बाई पटकन म्हणाल्या. छंद होता.
निरंजन चपलेचा अंगठा बघत राहिला.
इम्मानुएल उठून पाणी प्यायला गेला.
एवढंच कसं, असं माझ्या तोंडाशी आलं होतं.
गिळलं. केस चांगली चालली होती.

काय म्हणाले? अंबादासने विचारलं,
बहिऱ्या माणसाच्या आवाजात,
पार जिन्यापर्यंत जाईल असं.
मी ओठ मोठे करून सांगितलं:
म्हणाले, लई वाजवलंत.
तो हसला. तेही मोठ्यानेच.

शिपाई दारातून ओरडला, आवाज कमी करा!

हे वाक्य अंबादासला
कुणाच्याही ओठांवरून वाचता येतं.