अकरा गुरांचा पंचनामा

पहाटे वुलासुआ चौकीवर आली,
हातात नुसतं दावं.
"अकरा गेली," म्हणाली. "बारावी घरात निजते,
माझ्या पायथ्याशी, म्हणून राहिली."

मी लिहून घेतलं: रंग, वशिंडं, शिंगांची वळणं,
कानांना पाडलेले चीर.
हुरुम्बेच्या माळावर कान हीच घराण्याची सही,
कागदावरचा शिक्का त्यानंतर.

मला शिकवलं होतं ते वेगळंच.
दोन वर्षं छावणीत
टेकडी कशी घ्यायची, पोटावर किती सरपटायचं.
शत्रूला नाव नसतं, सार्जंट सांगायचा.
इथे ज्याला त्याला नाव आहे, मामा आहे,
आणि निम्म्या जणांकडे माझी मिठाची उधारी.

जीपमध्ये डिझेल नव्हतं. पायीच निघालो,
मी, एक बंदूक,
मागे गावातले वीस भाले.
खुरांचा माग ओढ्यात शिरला, तासभर हरवला,
पलीकडे ओल्या शेणात पुन्हा सापडला.

उन्हं चढल्यावर वायरलेस खरखरला:
"शत्रूशी संपर्क झाला का?"
झाला होता.
अकरा गुरं रवंथ करत होती,
त्यांच्या सावलीत एक पोरगा,
मिसरूड फुटायचं अजून.
"एकजण आहे," मी म्हणालो. "तहानलेला."

नाव? लाहिमासी.
कशासाठी? तो लाजला.
मुलीचा बाप म्हणतो, ज्यानं कधी ओढून आणली नाहीत
त्याच्या घरी पोर देणार नाही.

मी पेन्सिल थांबवली.
माझ्या आईसाठी बापानं सात आणली होती.
कुणाची, ते आमच्या घरात कुणी विचारलं नाही.
त्यांतल्याच एकीच्या दुधावर मी एवढा उंच झालो
की भरतीच्या मापपट्टीत बसलो.

हे पंचनाम्यात नाही.

भाले जवळ आले तसे गप्प झाले.
ती शांतता मला छावणीत कुणी शिकवली नव्हती.
वुलासुआ कान चाचपत मोजत होती:
नऊ, दहा,
अकरावीपाशी जरा जास्तच रेंगाळली.

मग आम्ही परतलो. पुढे गुरं,
त्यांच्यामागे दोरी बांधलेला पोरगा,
त्याच्यामागे मी, गावाकडे तोंड करून,
फिर्यादींवर बंदूक रोखलेला,
अख्खा उतार उलट्या पावलांनी.

"साहेब, डावीकडे खड्डा आहे,"
माझ्या पाठीमागून लाहिमासी म्हणाला.
मी उजवीकडे सरकलो.