आठ सेकंदांचा जिना

दुसऱ्या सत्राचा विषय एका शब्दाचा: वजन.
उपासनी मॅडम फळ्यावर लिहितात आणि खडू
टेबलावर ठेवतात, टाकत नाहीत.
आम्ही तेही बघायचं असतं.
एका माणसानं काहीतरी उचलावं.
सेकंदाला बारा चित्रं, आठ सेकंद.
मोबाईलवर टिपून आणलेलं चालणार नाही,
म्हणाल्या, डोळे न्या.

अप्पा बळवंत चौकातून कागदाचं रीम आणलं,
स्टुडिओच्या यंत्रावर भोकं पाडून घेतली,
आणि पद्मावतीला, आमच्या कॉट-बेसिसच्या खोलीबाहेर
जिन्यात बसून राहिले
सिद्राम यायची वाट बघत.

'लिफ्टमधून सिलिंडर नेऊ नयेत. हुकमावरून.'
पाटीखाली तो थांबतो, वाचत नाही.
अक्कलकोटहून आला तेव्हापासून ती तिथंच आहे.
बाटल्याला नखानं टिचकी मारतो, ऐकतो
(रिकामा बोलतो, भरलेला गप्प असतो)
आणि वर उचलायच्या आधी
खाली जातो.
हे मला पाठ होतं, पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं:
उडी मारणारा आधी वाकतो.
पण सिद्राम गुडघ्यांत वाकायच्या आधी
श्वासात वाकतो.
ते कसं काढतात?

रात्री लाइटबॉक्सवर पहिलं चित्र काढलं, शेवटचं काढलं.
मधली चौऱ्याण्णव उरली.
काचेखालच्या उजेडानं तळहात कोमट,
खोडरबराचा कचरा कोपरापर्यंत.
शेजारी फिरदौस एक पीस खाली आणतोय
गेले अकरा दिवस.
पंखा लावू देत नाही.

पडद्यावर आठ सेकंद म्हणजे काहीच नाही.
कुणी खोकलं तर निम्मं काम वाया.
मॅडम म्हणाल्या, पुन्हा.
पुन्हा लावलं.
'रिकामा आहे.'
नाही मॅडम, भरलेला. नुसता गॅसच चौदा किलो दोनशे,
लोखंड वेगळं.
'ते तुला माहीत आहे.
त्याच्या मानेला माहीत नाही.'

मग मी तीन चित्रं घातली
ज्यांत काहीही घडत नाही.
हात कडीला लागलेत, बाटला जागेवर,
फक्त कानामागून एक शीर
पेन्सिलीच्या टोकाएवढी वर येते.
शेवटची तीन पायरीवरून काढून टाकली.
तेवढ्यात गॅस भरला.
मॅडम काही बोलल्या नाहीत,
त्यांनी पुढच्या मुलाचं नाव घेतलं.
आमच्या वर्गात याला शाबासकी म्हणतात.

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये
सिद्रामला गाठलं, मोबाईल पुढे धरला.
त्यानं आधी हात सदऱ्याला पुसले,
मग तीनदा बघितलं, चौथ्यांदा माझ्याकडे.
'ह्यो मी न्हवं.'
का?
'मी डाव्या खांद्यावर घेतो.
उजव्यावर चार वर्षं झाली, घेत न्हाई.'
आणि गेला वर, टपटप,
चारशे दोनमध्ये कुकर थांबला होता.

स्टुडिओत कागद उलटा करून काचेवर ठेवला:
लगेच डावा खांदा. इतकं सोपं!
पण मग कठडा दुसरीकडे गेला,
पाटी उलटी वाचता येईना,
आणि ज्या गुडघ्याला तो जपतो, उजव्या,
तोही मुकाट्यानं
दुसऱ्या पायात जाऊन बसला.
इतके दिवस समोर बसून मी
गुडघा नीट पाहिला होता
आणि खांदा नाही.

खुंट्यांवर कोरा कागद बसवते. पहिला.
बाहेर वॉचमन कुलपांचा जुडगा वाजवतोय,
अजून किती वेळ, विचारायचं त्यानं सोडून दिलंय.
फिरदौसचं पीस आज जमिनीला टेकलं.
तो बराच वेळ बघत बसला.
म्हणाला, फार लवकर टेकलं.