उजवीकडे

राइस मिलच्या राखेनं आखलेलं मैदान,
धान कापल्यावर उरलेली बुडखं,
बांबूचे गोलपोस्ट. त्यातला डावा जरा कललेला,
तो आम्ही दोघांनी पुरला होता, सातवीत.

यंदा पहिलं बक्षीस बोकड, दुसरं कुकर.
तुमसरच्या टीमनं हितेशला आणलं,
म्हणजे पैसे दिले. किती, ते टपरीवर
दर चहाला वाढत होते.
"नागपूरचा कप झाला, गोव्याचा झाला,
आता आपलाच बोकड न्यायले आला बे,"
टेंभुर्णे मास्तर म्हणाले, आणि शिटी फुंकली.

निळ्या जर्सीत तो ओळखू येईना.
चालणं मात्र तेच,
उजवा पाय किंचित बाहेर टाकणारं.

शेवटच्या मिनिटाला पेनल्टी.
अख्खं गाव धुऱ्यावर उभं,
कोणी त्याच्या बापाचा उद्धार केला.
त्यानं बॉल ठेवला, पुसला, पुन्हा ठेवला.
तो नेहमी डावीकडे मारतो.
मला ठाऊक होतं,
आणि मला ठाऊक आहे हे त्याला.

मी उजवीकडे पडलो.

एकच टाळी वाजली, त्याच्या मायची.
मग तिला आठवलं,
पदर तोंडाशी गेला.

अंधारात मी जाळी सोडत होतो, तेव्हा आला.
"उजवीकडे कायले गेला?"
अंदाज चुकला, म्हटलं.
तो काही बोलला नाही.
खांदा लावून कललेला बांबू सरळ केला,
सोडला तसा तो पुन्हा कलला.

सडकेवर तुमसरची गाडी हॉर्न देत होती.
आत आपला बोकड ओरडत होता.