एक ते दहा

बतुलोच्या व्हॅनचा हीटर फक्त पायांशी चालतो,
म्हणून मागचे सगळे पाय पुढे सारून बसतात
आणि बोलत नाहीत.
ल्यूस्टनच्या बंद गिरण्यांवरून दवाखाना सात मिनिटं.
बर्फात वीस.

खिडकीशी रेजान. जन्मतारीख?
एक जानेवारी.
मागच्या बाईची? एक जानेवारी.
तिच्या मुलीची?
छावणीतल्या कारकुनाने घाईघाईत
सगळ्यांना एकाच दिवशी जन्माला घातलं होतं.
रेजान आता विचारायचं म्हणून विचारते.
तिची आजी क्वेबेकहून गिरणीत आली,
आणि इंग्रजी न येताच गेली, याच इस्पितळात.
नव्या वर्षाला ती संस्थेत केक पाठवते.
एकच, मोठा.

आज मुया अबुकारची पाळी. पाठ.
डॉक्टर विचारते, एक ते दहा, किती दुखतं?
बतुलो तेच माय-मायमध्ये विचारते.
भाषेचं नावच तसं आहे, माय-माय.
म्हातारा छताकडे बघतो.
मग दोन बोटं वर करतो.

प्रशिक्षणात शिकवलेलं असतं :
दुभाष्याने पदरचं काही घालू नये.
"दोन," बतुलो म्हणते.
डॉक्टर लिहिते, दोन.
दोन म्हणजे गोळी. दोन म्हणजे शेकत राहा,
उन्हाळ्यात या.

बतुलोला माहीत आहे त्याचा दहा.
तिच्या आईने पाहिला होता.
नदीपासून सीमेपर्यंतच्या वाटेवर
पोराला पाठीशी बांधून निघालेला हा माणूस
सीमेवर पोचला तेव्हा
पाठीवर नुसतं फडकं होतं,
रिकामं,
आणि त्याची गाठ त्याने कोणाला सोडू दिली नाही.

पेनाचं टोपण लागतं.
"डॉक्टर, आता मी बोलतेय, तो नाही.
त्याला विचारा, दहा कुठे आहे."

डॉक्टर खुर्ची जवळ ओढते.
बाहेर कोणाचा तरी नंबर पुकारतात,
कोणी उठत नाही.
म्हातारा बोलायला लागतो, हळू,
जनावराला पाणी दाखवावं तसा.
बतुलो एकेक वाक्य उचलते, पलीकडे नेऊन ठेवते.
एका ठिकाणी थांबते. पाणी पिते.
पुन्हा उचलते.

परतताना त्याच्या हातात कागद :
एमआरआय, गुरुवार, सव्वानऊ.
"त्या यंत्रात ते दिसेल?"
"पाठ दिसेल."
तो मान हलवतो, पाय हीटरकडे सारतो.

गुरुवारी व्हॅन डायलिसिसवाल्यांना लागते.
कोणाची तरी गाडी मागावी लागेल.
रेजानची, बहुतेक.