सतरा नंबर

महामंडळाचा वार्षिक अहवाल इतका गुळगुळीत
की एप्रिलातल्या सोलापुरात
बोटांचा घामही त्याच्यावर ठरत नव्हता.
पान एकतीस. समुद्रापलीकडचं गाव,
पत्र्याची शेड, रांगेनं हिरवे माग,
खाली ओळ: चाळीस नवे यंत्रमाग,
आपल्या जनतेकडून मैत्रीची भेट.

मी दिल्लीहून आले होते फक्त बिलं जुळवायला.
पुरवठादाराचा पत्ता अक्कलकोट रोड, एमआयडीसी.
तिथं कुलूप, कुलपावर बाभळीची सावली.
टपरीवाला म्हणाला, इट्टम नरसय्याला गाठा,
साखर पेठेत राहतो,
बंद होईपर्यंत जॉबर होता इथं.

नरसय्यानं चष्मा शोधला. सापडेना.
बायकोचा लावला.
पान उजेडाला धरलं, मग जरा लांब,
आणि म्हणाला, हा सतरा नंबर.

कशावरून?

त्यानं उजवा हात पुढं केला. तीन बोटं.
दोन पट्ट्यात गेली, त्या साली
दांडी कापून मीच डावीकडं जोडली, बाई.
वेल्डिंग वाकडं झालं. हे बघा, वाकडंच आहे.

नव्या हिरव्या रंगाखाली
एका माणसाची सोय
अजून दिसत होती.

मी लिहून घेतलं. आक्षेप क्रमांक चार.
जुने माग नव्याच्या दरानं.
फरक, वसुली, जबाबदार अधिकारी.
मंत्रालय कळवेल, उत्तर तयार होत आहे.
समिती पुढच्या अधिवेशनात बसेल,
चहा येईल,
पान एकतीस कुणीतरी उलटेल.

जबाबाखाली नरसय्यानं तेलुगूत सही केली,
सावकाश, पेन अंगठ्यात अडकवून.
मग विचारलं, चालतोय का हो तो?

माझ्या तक्त्यात नग होते, दर होता,
जहाजाची तारीख होती.
चालतोय का, हा रकाना नव्हता.

फोटोत मागापाशी एक बाई उभी आहे.
तिचं नाव छापलेलं नाही.
तिचा उजवा हात टेकलाय
दांडी जिथं असायला हवी तिथं,
आणि तिथं काहीच नाही.

तिला कुणी सांगितलंच नसणार,
नरसय्या पहिल्यांदाच चिडून बोलला.
तुमच्या कागदात कुठं जागा असली तर लिवा,
डाव्या हातानं वढ म्हणावं.
हळू. झटका देतो तो.

मी समासात लिहिलं, पेन्सिलीनं.
टंकलेखनाला जाताना
समास गळतो,
हे मला माहीत होतं.